समोच्च रेषेवरचे थेटेसाहेब

आमच्या वास्तुशांतीला थेटेसाहेब आले तेव्हा मी रीतीप्रमाणे पाण्याचं भांडं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, दोन पावलं मागे गेले आणि सगळं पाणी आमच्या नव्याकोऱ्या उंबऱ्याबाहेर ओतून टाकलं. मग पँट जरा वर ओढून ते उकिडवे बसले आणि पाणी कुठे जातंय ते बघू लागले. आत गुरुजींचे मंत्र चालले होते. पाहुणे थेटेसाहेबांना वळसा घालून आत येत होते. ते मात्र फरशीला नाक लावायचेच बाकी.

पाणी थोडं घुटमळलं आणि निवांतपणे आमच्या घरात शिरलं.

"उतार आत आहे," ते म्हणाले. "बांधताना पाण्याला विचारलं होतं का?"

आमचे हे सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांना गंमत वाटली. "नाही हो, आम्ही आपलं आर्किटेक्टलाच विचारलं," ते म्हणाले.

थेटेसाहेब हसले नाहीत. "मग जुलैत कळेल," एवढंच बोलले आणि जेवायला बसले.

जुलैत कळलं. स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी, त्यात तरंगणारी माझी भाताची चाळणी, आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून बादलीने पाणी उपसणारे आमचे हे. त्या दिवसापासून आमच्या घरात थेटेसाहेबांची चेष्टा बंद झाली.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नाशिक तेव्हा पाथर्डी फाट्याच्या अंगाने पसरत होतं. कालपर्यंत द्राक्षबाग असलेल्या जागी आज रो-हाउसची रांग उभी राहायची. आमची कॉलनी त्यातलीच एक. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. थेटेसाहेब कॉलनीतलेच, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. ओझरला विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. थोड्याच वर्षांत त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मग ते खऱ्या अर्थाने कामाला लागले.

माणूस काडीसारखा. शर्टाच्या खिशात कायम तीन पेन्सिली आणि पँटच्या खिशात गवंड्याची छोटी लेव्हल पट्टी. कुठेही टेकायच्या आधी ती पट्टी ठेवून बघायचे. लग्नाच्या कार्यालयात पंगतीत बसताना त्यांनी टेबलावर पट्टी ठेवली आणि वाढप्याला सांगितलं, "आमटी जरा बेतानं घाला, ती डावीकडे जाणार आहे." ती गेली. डावीकडे आमचे हे बसले होते.

सिमेंटवर त्यांचा विशेष राग. "हट्टी माल," ते म्हणायचे. "एकदा ठरवलं की ऐकतच नाही. माती बघा, चुकलं तर परत कालवता येते. दगड हलवता येतो. लाकूड कुजून निघून जातं. सिमेंटला माफी मागायची सोय नाही." नवीन बांधकाम दिसलं की ते थांबायचे, ओल्या स्लॅबकडे दुःखी नजरेने बघायचे आणि "गेलं," म्हणून पुढे चालू लागायचे. लोकांना वाटायचं, त्या घरात कोणीतरी वारलं.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांच्या रांगेत मातीच्या बरण्या होत्या. त्र्यंबककडची लाल, निफाडची काळी, सिन्नरकडची पांढुरकी. माती ओळखायची म्हणजे ती चाखायची, असा त्यांचा नियम. बरण्यांवर त्यांच्या सुंदर ड्राफ्ट्समनी अक्षरात नावं होती, पण चिमूटभर माती चाखून झाली की ते बरणी परत कुठे ठेवतील याचा नेम नसे. सुशीलाताई, म्हणजे त्यांच्या बायको, मला म्हणाल्या, "आमच्याकडे चहा घेताना आधी एक घोट मी घेते, मग पाहुण्यांना देते. एकदा सिन्नर घातलं गेलं होतं."

कॉलनीच्या मागे एक जुनी दगडाची खाण होती. कोणा ठेकेदाराने सुरुंग लावून सगळा काळा पाषाण काढून नेला आणि खड्डा तसाच टाकून दिला होता. लोक त्यात घरदुरुस्तीचा राडारोडा, फुटके संडास, मेलेली तुळस असं सगळं नेऊन टाकायचे. थेटेसाहेब निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या खाणीत उतरले. हातात घमेलं, डोक्याला पंचा.

आधी त्यांनी राडारोडा निवडला. मग खाणीच्या उतारावर दगड मांडायला सुरुवात केली. रोज दहा-बारा दगड, एकाला एक टेकवून. रेघ सरळ नव्हती. ती वळायची, आत जायची, परत बाहेर यायची. कॉलनीत तर्क सुरू झाले. कोणी म्हणालं गुप्तधन शोधतात. कोणी म्हणालं देऊळ बांधून जागा दाबणार. एका बाईंनी तर सुशीलाताईंना विचारलं, "काही बाहेरचं वगैरे आहे का हो?" सुशीलाताई म्हणाल्या, "बाहेरचंच आहे सगळं. घरात कुठं असतात ते?"

मी एका रविवारी गच्चीवर पापड वाळत घालत होते. सहज खाणीकडे बघितलं आणि हातातला पापड हातातच राहिला. उतारावर दगडांच्या चार रेघा झाल्या होत्या. एकीखाली एक, एकमेकींना कुठेही न छेदणाऱ्या. जिथे उतार तीव्र तिथे जवळजवळ, जिथे सौम्य तिथे लांब लांब. पंधरा वर्षं मी फळ्यावर खडूने समोच्च रेषा काढत होते. सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा ती समोच्च रेषा, हे झोपेत म्हणू शकत होते. पण ती जमिनीवर पसरलेली मी पहिल्यांदा बघत होते. मी पापड टाकून, चपला उलटसुलट घालून खाली धावले.

"थेटेसाहेब, या समोच्च रेषा आहेत."

त्यांनी वर बघितलं. मला वाटतं, इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच कोणाकडे बघून एवढं मोठं हसले असतील. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही खरंच भूगोल शिकवता तर. मला वाटायचं नुसत्या राजधान्या पाठ करून घेता."

तिथून माझे रविवार खाणीत जाऊ लागले. प्रत्येक दगडी रेघेच्या मागे पाणी थबकायचं, त्यासोबत आलेली माती थबकायची आणि त्या मातीत पुढच्या वर्षी गवत यायचं. पिंपळगावकडे कोणी द्राक्षबाग मोडली की थेटेसाहेब टेंपोत बसून जायचे आणि वेलींची पिळवटलेली खोडं घेऊन यायचे. ती एकमेकांत अडकवून त्यांनी खाणीच्या तळाशी एक लांबलचक कुंपण विणलं. दुरून ते नाचणाऱ्या माणसांच्या रांगेसारखं दिसायचं. मी म्हटलं, "साहेब, हे शिल्प झालं." ते म्हणाले, "नाव काही द्या. पाच-सहा वर्षांत कुजेल आणि माती होईल. तोपर्यंत चिमण्या बसतील."

सगळ्यात अजब प्रकार ताकाचा. खाणीची एक बाजू म्हणजे उभी कापलेली काळी भिंत. तिच्यावर त्यांनी ताक आणि शेण कालवून ब्रशने लांब लांब लाटा काढल्या. तिथे शेवाळ धरेल म्हणे. आम्ही खाली उभं राहून नाक दाबायचो. सुशीलाताई म्हणाल्या, "महिना झाला, घरात कढी नाही. सगळं ताक भिंतीला." ऑगस्ट उजाडला आणि त्या काळ्या कातळावर खरोखरच हिरव्या लाटा उमटल्या. मखमलीसारख्या. मी वेड्यासारखी आख्ख्या गल्लीला बोलावून आणलं. थेटेसाहेब मात्र भिंतीजवळ जाऊन बारकाईने बघत होते. "निम्म्या लाटा माझ्या आहेत," ते म्हणाले. "निम्म्या पाण्यानं बदलल्यात. त्याच्याच बऱ्या आल्यात." आणि वहीत टिपून घेतलं.

अशी सात-आठ वर्षं गेली. नवं शतक लागलं, गल्लीत मोटारी आल्या, आणि सोसायटीचे चेअरमन सोनवणेअण्णा यांना खाणीचं काहीतरी करावंसं वाटू लागलं. अण्णांचं सिमेंट आणि सळयांचं दुकान. माणूस उमदा, कोणाच्याही मदतीला धावणारा, पण मोकळी जागा बघवत नसे. त्यांनी नोटीस लावली: खाण भरावाने बुजवून सपाट करायची, वर फरसबंदी, मोटारींसाठी जागा, आणि मधोमध सिमेंटच्या हंसांचं कारंजं. दिवाळी झाली की डंपर येणार. त्याआधी रविवारी सकाळी सभा.

थेटेसाहेबांनी नोटीस वाचली. मला म्हणाले, "हंस."

"तुम्ही सभेत बोला," मी म्हटलं.

"मी बोललो की लोक उठून जातात."

ते खरं होतं. मागच्या सभेत ते उतार या विषयावर पाऊण तास बोलले होते आणि शेवटी त्यांच्यासमोर फक्त सतरंजी गोळा करणारा माणूस उरला होता. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांकडे क्षेत्रभेटीची परवानगी मागितली.

रविवारी सकाळी सातला नववीच्या दोन्ही तुकड्यांच्या मुली खाणीवर हजर झाल्या. निळे स्कर्ट, पांढरे ब्लाउज, लाल रिबिनी. त्यातल्या बऱ्याच आमच्याच कॉलनीतल्या. थेटेसाहेबांनी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली होती आणि दोन सारख्या काठ्या. दोन्ही काठ्यांवर सारख्याच उंचीला लाल खूण. नळीची दोन टोकं दोन काठ्यांना धरायची. दोन्हीकडे पाणी खुणेला आलं की दोन्ही ठिकाणची जमीन एकाच उंचीची.

"गल्लीकडचा हा खाणीचा सगळ्यात खालचा काठ," त्यांनी मुलींना सांगितलं. "खाण भरली तर पाणी इथून बाहेर पडणार. या उंचीवर आपण सगळ्यांनी उभं राहायचं. डोंगर जिथं नेईल तिथं जायचं. आपल्या मनानं हलायचं नाही."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पहिली मुलगी काठावर उभी राहिली. नळी सरकली, पाणी डुचमळलं, स्थिरावलं, दुसरी उभी राहिली. मग तिसरी. कोणी काटेरी झुडपात उभी, कोणी कपारीत, कोणी दगडावर एक पाय ठेवून. "सर, माझ्या पायाखाली मुंग्या आहेत," एक ओरडली. "त्यापण त्याच उंचीवर आहेत, राहू दे," थेटेसाहेब म्हणाले आणि मग तिला टीचभर बाजूला उभं राहायची परवानगी दिली. ते पळत होते. साठीचा माणूस त्या उतारावर शेळीसारखा पळत होता, नळी खांद्यावर, डोळे चमकत. हळूहळू खाणीभोवती मुलींची वळणदार माळ तयार झाली. मी म्हटलं, "हात धरा." त्यांनी हात धरले. माझा इतक्या वर्षांचा धडा निळ्या स्कर्टात जिवंत उभा होता.

सभेसाठी निघालेली माणसं काठावर थांबली. आपापली मुलगी शोधू लागली. सोनवणेअण्णाही आले. "बाई, हे काय, ड्रिल चाललंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा, पाणी चाललंय," मी म्हटलं.

रेषा आता खाणीतून बाहेर गल्लीत आली होती. गल्ली खाली उतरत होती, त्यामुळे इथे पाण्याची खूण जमिनीपासून वर वर जाऊ लागली. आधी गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी. शेवटचं टोक अण्णांच्या धाकटीकडे होतं. तीही नववीतच. थेटेसाहेब म्हणाले, "पुढे कोणाचं घर?"

"आमचंच," ती म्हणाली.

"चल मग."

आम्ही सगळे अण्णांच्या दिवाणखान्यात. सोनवणेवहिनी हातात फोडणीची पळी घेऊन बाहेर आल्या. मुलीने नळीचं टोक भिंतीला धरलं. पाणी वर चढलं, खाली आलं, डुललं आणि शोकेसच्या दुसऱ्या कप्प्याशी स्थिर झालं. तिथे काचेचा ताजमहाल होता आणि अण्णांना सिमेंट कंपनीकडून मिळालेली ट्रॉफी.

मग वहिनींनी विचारलं, "म्हणजे पाणी इथवर येणार?"

थेटेसाहेबांच्या जागी दुसरा कोणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. ते म्हणाले, "नाही वहिनी, खोटं सांगणार नाही. एवढं चढणार नाही. पण मागच्या सगळ्या माळाचं पाणी आज त्या खाणीत उतरतं. ती बुजवली की त्याला थांबायला जागा नाही. ते वर आहे आणि तुम्ही खाली. एवढंच दाखवायचं होतं."

वहिनींनी ताजमहालाकडे बघितलं, मग अण्णांकडे. "अहो," त्या म्हणाल्या, "हंस नकोत."

सभा दहा मिनिटांत संपली. रस्त्याकडचा एक पट्टा मोटारींसाठी सपाट करायचा, बाकी खाणीला हात लावायचा नाही. ठराव अण्णांनी स्वतःच मांडला. वर म्हणाले, "थेटेसाहेब, तुमच्या नळीनं माझं दुकान बसवलं असतं आज." आणि मुलींसाठी समोरच्या गुऱ्हाळातून उसाचा रस मागवला. मुली रस पीत एकमेकींना सांगत होत्या की मी किती वाकडी उभी होते. आमचे हे प्रत्येकाला आपल्या स्वयंपाकघरातल्या पुराची गोष्ट नव्याने सांगत होते. मला इतका आनंद झाला होता की मी दोन ग्लास रस प्यायले आणि तिसरा थेटेसाहेबांसाठी घेऊन त्यांना शोधू लागले. ते कुठेच नव्हते.

ते खाणीत होते. सगळ्यात वरच्या दगडी रेघेवर, पाय खाली सोडून बसले होते. मी ग्लास दिला. त्यांनी तो घेतला आणि शेजारी ठेवला.

"साहेब, जिंकलात तुम्ही," मी म्हटलं. "इथे का बसलात?"

त्यांनी रेघेतला एक सुटा दगड नीट बसवला. मग म्हणाले, "बाई, तुम्हाला कधी बोललो नाही. इथं खाण नव्हती. टेकडी होती."

मला कळेना.

"आमची टेकडी. वडिलांच्या नावावर, मग माझ्या. मला नोकरी लागली, शहरात प्लॉट पाहिजे होता. ठेकेदार आला, मी सही केली. घर बांधलं. तुमच्या घराच्या जोत्यात जो काळा दगड आहे, तो इथलाच. माझ्याही. सगळ्या कॉलनीच्या जोत्यात ती टेकडी आहे."

त्यांनी हात वर केला आणि खाणीच्या मधोमध, पार वर, मोकळ्या हवेत बोट दाखवलं. तिथे काहीच नव्हतं. एक वेडा राघू मात्र किडे टिपत घिरट्या घालत होता.

"तिथं एक सपाट दगड होता. गवताचा भारा टेकवून आई तिथं बसायची. तुमच्या गच्चीपेक्षाही दोन पुरुष उंच भरेल ती जागा. मी मोजलीय."

मी तिथे बघत राहिले. निळं आकाश आणि तो पक्षी.

"आईला तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"काही नाही. तिला ओझरला क्वार्टरमध्ये नेलं. नंतर तिचे डोळे गेले, त्यामुळं सोपं झालं. दर पावसाळ्यात विचारायची, 'विनू, अवंदा टेकडीवं गवत कसं हाय?' मी सांगायचो, 'कमरेएवढं हाय, आई.' ती म्हणायची, 'लय झालं.' शेवटच्या वर्षीपण विचारलं तिनं."

खाली मुलींचा कलकलाट चालू होता. कोणीतरी माझ्या नावाने हाका मारत होतं, पण मला उठवेना. थेटेसाहेब उठले. दगडांच्या रेघेमागे त्या वर्षी रोशा गवत चांगलं माजलं होतं. ते त्यात जाऊन उभे राहिले, दोन्ही तळव्यांनी त्यांनी ते शेंड्यांवर हळूच दाबून पाहिलं आणि खाली आपल्या पायाकडे बघितलं.

"गुडघ्याच्या वर आलंय," ते म्हणाले.

ते मला सांगत नव्हते.